विमानविद्येचें शिक्षण आणि आमचीं घरें

मुलगा किंवा मुलगी शास्त्रशाखेंत चमकूं लागली, म्हणजे पुढें काय करावें हा प्रश्न आमच्या घरांत एकट्या त्या मुलाचा राहत नाहीं. तो आजोबांचा होतो, काकांचा होतो, स्वयंपाकघरांतल्या बायकांचा होतो; शेजारचे निवृत्त मास्तरहि त्यावर आपलें मत देऊन जातात. डॉक्टरी, संगणक, चार्टर्ड अकौंटंटची परीक्षा हे मार्ग घराच्या ओळखीचे असतात. पण एखाद्यानें 'मला विमानविद्या शिकावयाची आहे' असें म्हटलें, कीं बैठकींत क्षणभर शांतता पसरते. मग एक जण त्याला आतांच चंद्रावर पोंचवितो, तर दुसरा त्याला आतांच बेकार ठरवितो. कौतुक करणारा व भिवविणारा या दोघांसहि त्या विद्येची माहिती बहुधा सारखीच बेताची असते. म्हणून ही विद्या आहे तरी काय, ती आमच्या देशांत कशी आली, ती कोणास मानवते आणि घरानें तिच्याविषयीं कोणते प्रश्न विचारावे, याचा विचार येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

तीन निरनिराळे मार्ग

प्रथम एक घोटाळा दूर करूं. विमान चालविणें, विमानाची निगा राखणें आणि विमान निर्माण करणें हे तीन स्वतंत्र व्यवसाय आहेत. वैमानिकास विद्यापीठाची पदवी असलीच पाहिजे असें नाहीं. भारतांत व्यावसायिक परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण, लेखी परीक्षा आणि कसोशीची वैद्यकीय तपासणी लागते. दुसरा मार्ग देखभाल करणाऱ्या इंजिनियराचा. विमान उड्डाणास योग्य आहे अशी सही करण्याचा त्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्यावर अवलंबून असतो. तिसरा मार्ग विद्यापीठांतील चार वर्षांच्या पदवीचा. यालाच हल्लीं एअरोस्पेस इंजिनियरिंग म्हणतात, आणि प्रस्तुत लेख याच मार्गाविषयीं आहे.

हा तिसऱ्या मार्गाचा मनुष्य आपलें बहुतेक आयुष्य जमिनीवरच काढतो. गणित, संगणक, प्रयोगशाळा आणि मोजमापांच्या वह्या हें त्याचें जग. ज्याला ढगांवरून जाण्याची हौस आहे पण गणिताचा कंटाळा आहे, त्याला या वर्गांत बसविणें म्हणजे गाण्याची आवड असलेल्या मुलास मिरजेस तंबोरे घडविणाऱ्या कारागिराच्या हाताखालीं ठेवण्यासारखें आहे. तंबोरा घडविणें हीहि थोर विद्या होय. परंतु ती गाणें नव्हे.

विद्येची गुरुपरंपरा

अमेरिकेंतील डेटन गांवचे विल्बर व ऑर्व्हिल राईट हे बंधु सायकलींचें दुकान चालवीत. दोघांपैकीं कोणापाशींहि विद्यापीठाची पदवी नव्हती. १९०१ सालीं त्यांचें बिनएंजिनाचें विमान हिशेबाप्रमाणें वर उचललें जाईना, तेव्हां त्यांनीं दैवास बोल लाविला नाहीं. ज्या छापील कोष्टकांवर ते विसंबले होते, तींच तपासण्याचें त्यांनीं ठरविलें. त्यांनीं एक लांबट लांकडी पेटी केली, तींत पंख्यानें वारा सोडला आणि सुमारें दोनशें निरनिराळ्या आकारांचे चिमुकले पंख त्या वाऱ्यांत धरून त्यांची उचल मोजली. पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र प्रथम उडालें तें अवघे १२ सेकंद, आणि अंतर कापलें १२० फूट. जग त्या १२ सेकंदांची आठवण ठेवतें. विमानविद्येचा विद्यार्थी त्या लांकडी पेटीची ठेवतो.

ही पेटी लवकरच विद्यापीठांत शिरली. जर्मनींतील गटिंगेन येथील आचार्य लुडविग प्रांटल यांनीं १९०४ सालीं असें दाखविलें, कीं वाहत्या हवेचा अगदीं पातळ असा एक थर पृष्ठभागाला लगटून राहतो, आणि विमानास होणाऱ्या अडथळ्याचें मर्म पुष्कळ अंशीं त्या थरांत दडलेलें आहे. हवेचें जें वागणें तोंवर गूढ वाटे, तें यामुळें गणिताच्या कक्षेंत आलें. प्रांटल यांच्याजवळ शिकून डॉक्टरेट मिळविलेल्या शिष्यांत कोल्हापूर भागांतील विष्णु माधव घाटगे हे होते, ही गोष्ट महाराष्ट्रांतील फार थोड्या घरांस ठाऊक असेल.

वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालीं म्हैसूर संस्थानाच्या साह्यानें बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. दोनच वर्षांनीं, १९४२ सालीं, त्याच शहरांतील भारतीय विज्ञान संस्थेंत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, आणि त्याच्या पहिल्या अध्यापकांत घाटगे होते. पुढें ते कारखान्यांत गेले. त्यांच्या नेतृत्वाखालीं आंखलेलें एच्. टी.-२ हें शिकाऊ विमान १९५१ सालीं उडालें; भारतांतच आंखलेलें व भारतांतच बांधलेलें पहिलें विमान म्हणून त्याचा मान आहे.

त्याच वर्षीं विज्ञान संस्थेंत सतीश धवन हे तरुण अध्यापक रुजू झाले. त्यांचें शिक्षण पाहण्यासारखें आहे: लाहोरच्या विद्यापीठांत गणित व पदार्थविज्ञान यांची पदवी, इंग्रजी वाङ्मयाची एम्. ए., मग यंत्रविद्येची पदवी, आणि नंतर अमेरिकेंत विमानविद्येची डॉक्टरेट. त्यांचे शिष्य रोद्दम नरसिंह यांनीं हवेच्या प्रवाहांवरील संशोधनानें जगांत नांव मिळविलें. घाटगे गटिंगेनहून आले, धवन कॅलिफोर्नियाहून. दोघांनींहि परदेशीं मिळविलेली विद्या येथें येऊन शिष्यांच्या हातीं दिली. आज आमच्या मुलांस पवई, कानपूर, खरगपूर, मद्रास येथें किंवा २००७ सालीं तिरुवनंतपुरम् येथें स्थापन झालेल्या अंतराळ-विद्येच्या संस्थेंत जें शिक्षण मिळतें, त्याच्या मागें ही परंपरा आहे.

चार वर्षांत काय शिकवितात?

पहिलें वर्ष इतर इंजिनियरांसारखेंच जातें: गणित, पदार्थविज्ञान, रसायन, आरेखन, कार्यशाळा आणि संगणकास कामाला लावण्याची विद्या. विमानाच्या ओढीनें आलेल्या मुलास वर्षभर विमानाचा पंखहि दिसत नाहीं आणि तो हिरमुसतो. घरच्यांनीं ही गोष्ट आधींच जाणून असावी, म्हणजे दिवाळीच्या सुटींत तो तोंड पाडून आला तर त्यांस धास्ती वाटणार नाहीं. दुसऱ्या वर्षापासून विद्येच्या चार शाखा उलगडूं लागतात.

पहिली शाखा वायुगतीची. विमान अधर राहतें कशावर? एक साधा हिशेब करूं. मुंबईहून दिल्लीस जातांना नित्य दिसणारें एअरबस ए-३२० जातीचें विमान पूर्ण भरलें म्हणजे सुमारें ७८ टन वजनाचें होतें. त्याच्या पंखांचें क्षेत्रफळ सुमारें १२२ चौरस मीटर आहे. म्हणजे पंखाच्या दर चौरस मीटरवर जवळजवळ ६४० किलोंचा भार. हा आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु समुद्रसपाटीस हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारें १०,००० किलोंच्या वजनाइतका असतो. पंखाखालचा दाब व पंखावरचा दाब यांत याच्या शेंकडा सहा-सात इतका फरक पाडतां आला, कीं तें ७८ टनांचें धूड अधर राहतें. पंखाचा आकार आणि वाऱ्याशीं असलेला त्याचा कल यांमुळें हा फरक पडतो. पंख हवेला खालीं वळवितो, आणि त्याच्या बदल्यांत हवा पंखाला वर ढकलते.

दुसरी शाखा रचनेची: पंख हलका असूनहि मोडणार नाहीं, असा तो कशाचा व कसा बांधावा. तिसरी प्रेरणेची. जेट एंजिन हवा आंत ओढतें, दाबतें, तींत इंधन जाळतें आणि तप्त वायु मागें फेंकतें. त्यांतील चक्राचीं पातीं ज्या वायूंत फिरतात, तो त्या धातूच्या वितळण्याच्या उष्णतेहूनहि अधिक तापलेला असतो; पात्यांच्या पोटांतून बारीक वाटांनीं थंड हवा खेळविलेली असते म्हणूनच तीं टिकतात. चौथी शाखा उड्डाणाच्या स्थैर्याची व नियंत्रणाची. बाणाच्या मागें पिसें असतात म्हणून तो सरळ जातो. विमानाची शेपटी तेंच काम करते. परंतु ४ जानेवारी २००१ रोजीं प्रथम उडालेल्या 'तेजस' या आमच्या लढाऊ विमानांत हें नैसर्गिक स्थैर्य मुद्दामच कमी ठेविलें आहे, कीं तें चटकन् वळावें. त्याला सांवरून धरण्याचें काम संगणक क्षणोक्षणीं करीत असतो.

हें सारें केवळ पुस्तकांतून येत नाहीं. कानपूरच्या संस्थेस स्वतःची धांवपट्टी आहे. तेथें विद्यार्थ्यांस विमानांत बसवून उड्डाणाचीं मोजमापें घ्यावयास लावतात. वर्गांत फळ्यावर सोडविलेलें समीकरण आपल्या आसनाखालीं खरें होतांना अनुभवणें, हा त्या विद्येचा एक मोठा आनंद आहे.

वजनाचा हिशेब

आमच्या मतें या विद्येचें सार एका शब्दांत सांगावयाचें तर तो शब्द 'वजन' हा होय. घर बांधणारा इंजिनियर शंका आली तर भिंत थोडी जाड करतो, तुळई थोडी मोठी घेतो. खर्च वाढतो, पण घर उभें राहतें. विमानाच्या इंजिनियरास ही सोय नाहीं. शंकेपोटीं त्यानें पंख जाड केला तर वजन वाढतें. तें उचलावयास पंख मोठा हवा, मोठ्या पंखास ओढावयास एंजिन मोठें हवें, मोठ्या एंजिनास इंधन जास्त हवें, आणि त्या इंधनाचेंहि वजन पुन्हा पंखावरच येतें. घरच्या कार्यांत पाहुणे वाढले कीं ताटें वाढतात, ताटें वाढलीं कीं वाढपी वाढवावे लागतात, आणि मग त्या वाढप्यांचींहि ताटें धरावीं लागतात; तसाच हा प्रकार. शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांस एक संपूर्ण विमान कागदावर आंखावें लागतें, तेव्हां हें चक्र त्यांच्या खरें प्रत्ययास येतें.

अब्दुल कलाम मद्रासच्या तंत्रविद्या संस्थेंत विमानविद्या शिकत असतांना त्यांच्याकडे असेंच आंखणीचें काम होतें. तें समाधानकारक न वाटून आचार्यांनीं त्यांस तीन दिवसांची मुदत दिली, नाहींतर शिष्यवृत्ति बंद होईल असें बजावलें. तहानभूक विसरून त्यांनीं तें मुदतींत पुरें केलें. त्याच संस्थेंत प्रवेश घेतांना फीचे पैसे नव्हते, तेव्हां त्यांच्या बहिणीनें आपल्या सोन्याच्या बांगड्या व सांखळी गहाण ठेविली होती. या दोन्ही गोष्टी कलाम यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केल्या आहेत. कोणाच्या तरी सोन्यावर कोणाची तरी विद्या उभी राहते, हें आमच्या घरांस कांहीं नवें नाहीं.

अंतराळांत तर वजनाचा हिशेब आणखीच कठोर होतो. आपला पी. एस्. एल्. व्ही. हा अग्निबाण उडतांना सुमारें ३२० टन वजनाचा असतो. ध्रुवांवरून जाणाऱ्या ६०० किलोमीटर उंचीच्या कक्षेंत तो पोंचवितो तें ओझें सुमारें पावणेदोन टनांचें. बाकीचें सारें इंधन आणि त्या इंधनास वाहणारीं नळकांडीं. अशा ठिकाणीं एक किलो वजन वांचविण्यासाठीं माणसें महिनेच्या महिने खपतात, यांत नवल नाहीं.

याचा अर्थ विमानें बेभरंवशाचीं असतात असा नव्हे. सेवेंत असतांना येऊं शकेल अशा अधिकांत अधिक भाराच्या दीडपट भार विमानाच्या सांगाड्यानें सोसला पाहिजे, असा दंडक आहे. बोइंग कंपनीनें आपल्या ७७७ जातीच्या विमानाचा पंख १९९५ सालीं मुद्दाम वांकवीत नेला. तो मोडला तेव्हां भार त्या कमाल भाराच्या शेंकडा १५४ इतका झालेला होता. दंडक शेंकडा १५० चा, आणि पंख मोडला १५४ वर. पंख दोनशेंवर मोडला असता, तर इंजिनियरांनीं वजन फुकट घातलें असें ठरलें असतें. फाजील नाहीं आणि उणें नाहीं, इतकें नेमकें उत्तर काढण्याचें शिक्षण म्हणजे ही पदवी.

चुकीची किंमत

अशा विद्येंत चूक फार महाग पडते. १९५२ सालीं इंग्लंडनें 'कॉमेट' हें जगांतील पहिलें प्रवासी जेट विमान सुरू केलें. १० जानेवारी १९५४ रोजीं त्यांतील एक इटलीजवळ एल्बा बेटानजीक आकाशांतच फुटलें, आणि ८ एप्रिल रोजीं दुसरें नेपल्सजवळ समुद्रांत गेलें. दोन्ही अपघातांत मिळून ५६ माणसें दगावलीं. तेव्हां फार्नबरो येथील संशोधकांनीं एक अख्खें कॉमेट पाण्याच्या हौदांत घातलें आणि त्याच्या पोटांत पाणी दाबून भरावें, पुन्हा दाब काढावा, असें रात्रंदिवस चालविलें. प्रत्येक उड्डाणांत विमान असेंच आंतून फुगतें व सैल पडतें. सेवेंतील व हौदांतील मिळून सुमारें ३,००० उड्डाणांइतका ताण झाल्यावर तें फुटलें. भेग खिडकीसारख्या झरोक्याच्या कोपऱ्याशीं सुरू झाली होती.

मर्माची गोष्ट पुढेंच आहे. कारखान्यानें अशी चांचणी पूर्वीं घेतली होती, आणि त्या वेळीं सांगाडा याच्या अनेक पटींनीं अधिक टिकला होता. कारण त्याच सांगाड्यावर आधीं फाजील दाबाची परीक्षा झाली होती, आणि त्या परीक्षेनें धातूच्या नाजुक जागा उलट बळकट करून ठेविल्या होत्या. परीक्षेनेंच परीक्षेला फसविलें. विद्यार्थ्यांस हें प्रकरण आजहि शिकवितात. आपल्या मनासारखें उत्तर आलें, कीं तेवढ्यावर न थांबतां तें कां आलें हें विचारण्याची संवय त्यांस लागावी, हा त्यांतील हेतु.

आमच्या देशांतहि अपयश आलें आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजीं एस्. एल्. व्ही.-३ या अग्निबाणाचें पहिलें उड्डाण फसलें. त्या कामाचे प्रमुख कलाम होते. परंतु संस्थेचे अध्यक्ष धवन स्वतः वार्ताहरांपुढें गेले आणि त्यांनीं जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. १८ जुलै १९८० रोजीं तोच प्रयत्न सफल झाला, तेव्हां धवनांनीं वार्ताहरांपुढें कलामांस पाठविलें. ही हकीकत कलाम पुढें अनेकदां सांगत. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाच्या परीक्षेच्या निकालादिवशीं ती आठवावी, अशी आमची विनंति आहे.

दोन पुष्पकें

विमान म्हटलें कीं आमच्या घरांत रामायणांतील पुष्पक आठवतें, आणि आठवावें. मात्र अलीकडे 'वैमानिक शास्त्र' नांवाच्या संस्कृत ग्रंथाचा हवाला देऊन, ही विद्या आमच्या पूर्वजांस अवगतच होती असें मुलांस सांगण्यांत येतें. बंगलोरच्या विज्ञान संस्थेंतील पांच अध्यापकांनीं या ग्रंथाची शास्त्रीय छाननी करून १९७४ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनीं ग्रंथाची टवाळी केली नाहीं. त्यांतील विमानांच्या आकृति, आकार व वजनें घेऊन इतर कोणत्याहि विमानास लावावे तेच नियम लाविले. वर्णिलेलीं यंत्रें उडूं शकणार नाहींत, आणि ग्रंथ विसाव्या शतकांतील आहे, असें त्यांस आढळून आलें.

दुसरें पुष्पक मात्र खरोखर उडालें. बंगलोरच्या कारखान्यानें १९५८ सालीं उडविलेल्या दोन आसनांच्या एका लहानशा विमानाचें नांव 'पुष्पक' असें ठेविलें होतें, आणि देशांतील उड्डाण-मंडळांत कित्येक तरुण त्यावर उडावयास शिकले. पूर्वजांच्या कल्पनेचा मान कसा राखावा, याचें हें आम्हांस उत्तम उदाहरण वाटतें. मुलास काव्य म्हणून पहिलें पुष्पक सांगावें आणि शास्त्र म्हणून दुसरें. दोहोंची गल्लत करून पाठविलेला मुलगा वर्गांत पहिल्याच आठवड्यांत गोंधळतो.

पैसा, नोकरी आणि परदेश

आतां घरच्या मंडळींच्या मनांतील खरा प्रश्न. या विद्येचीं मोठीं कामें मोजक्याच ठिकाणीं चालतात: बंगलोरचा व नाशिकजवळील ओझरचा विमान-कारखाना, संरक्षण-संशोधनाच्या प्रयोगशाळा, अवकाश-संशोधन संस्था, आणि परदेशी विमान-कंपन्यांनीं बंगलोरकडे उघडलेल्या कचेऱ्या. २०२० सालापासून अवकाशाचें क्षेत्र खासगी उद्योगांस मोकळें झालें; १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं एका भारतीय खासगी कंपनीचा 'विक्रम-एस' हा अग्निबाण प्रथमच उडाला. त्यामुळें दारें वाढलीं आहेत खरीं, पण संगणकाच्या धंद्याइतकीं तीं रुंद नाहींत. ही पदवी घेतलेले अनेक जण पुढें मोटारींच्या, पवनचक्क्यांच्या किंवा संगणकाच्या कामांत जातात. शिकलेलें गणित तेथेंहि उपयोगी पडतें. परंतु मुलाचें मन त्यास तयार असावें.

परदेशाविषयीं अधिक स्पष्ट बोलणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. अमेरिकेंत ही विद्या उत्तम शिकवितात, यांत शंका नाहीं. परंतु अग्निबाण व संरक्षण यांच्याशीं संबंध असलेलें तंत्र परकीयांच्या हातीं जाऊं नये, असा तेथें कडक कायदा आहे. म्हणून तेथील पुष्कळशा कारखान्यांत नागरिक किंवा कायमचे रहिवासी यांखेरीज इतरांस सहसा घेत नाहींत, आणि 'नासा' या सरकारी संस्थेच्या नोकरीस सामान्यतः नागरिकत्वच लागतें. घर तारण ठेवून कर्ज काढण्यापूर्वीं ही गोष्ट घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असली पाहिजे. शिक्षण मिळेल, कीर्तिहि मिळेल; पण कर्ज फेडणारी नोकरी त्याच क्षेत्रांत मिळेल असें गृहीत धरूं नये. ज्यास संशोधन करावयाचें आहे व विद्यापीठाकडून वेतन मिळत आहे, त्याची गोष्ट निराळी.

एक मधला मार्गहि आहे. धवन प्रथम यंत्रविद्या शिकले होते. अग्निबाणांच्या इंधनावर ज्यांनीं मोठें काम केलें व जे तिरुवनंतपुरम् येथील केंद्राचे संचालक झाले, ते वसंतराव गोवारीकर रसायन-इंजिनियर होते. पहिल्या पदवीस यंत्रविद्या, विद्युद्विद्या किंवा पदार्थविज्ञान घेऊन पुढें विमानविद्येकडे वळतां येतें. मुलाचें मन अद्याप डळमळत असेल तर हा मार्ग शहाणपणाचा.

मुलींचें काय?

'मुलीला हें कशाला?' असें विचारणारें घर आतां क्वचित् असेल. पण तें नाहींच असें म्हणवत नाहीं. कर्नालच्या कल्पना चावला यांनीं चंदीगडच्या इंजिनियरिंग कॉलेजांत विमानविद्येची पदवी १९८२ सालीं घेतली आणि अमेरिकेंत १९८८ सालीं डॉक्टरेट मिळविली. तेथील नागरिकत्व मिळाल्यावरच त्यांस अंतराळवीर होण्याची वाट मोकळी झाली. १ फेब्रुवारी २००३ रोजीं 'कोलंबिया' यान परततांना तुटलें आणि सहा सोबत्यांसह त्यांचा अंत झाला. उड्डाणाच्या वेळीं टाकीवरील फेंसाचा, वजनानें पाऊण किलोच्या आसपास असलेला, एक तुकडा निखळून पंखावर आदळला होता. त्यानें पंखाच्या कडेस पडलेलें खिंडार त्या मृत्यूंचें कारण ठरलें. लखनौच्या रितू करिधाल यांनीं पदार्थविज्ञानानंतर बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत हीच विद्या घेतली, आणि मंगळावर व चंद्रावर पाठविलेल्या यानांच्या कामांत जबाबदारीच्या जागा सांभाळल्या. या विद्येस लागणारी चिकाटी व काटेकोरपणा यांत मुली मागें असतात, असें आमच्या घरांतील कोणत्या आजीला वाटतें, हें आम्हांस जाणून घ्यावयास आवडेल!

वडीलधाऱ्यांनीं काय करावें?

कॉलेज निवडतांना नुसती पाटी वाचूं नये. या विषयाचें नांव लाविलेल्या सर्वच ठिकाणीं साधनें सारखीं नसतात. वडिलांनीं किंवा काकांनीं मुलास घेऊन एक दिवस तेथें जावें. वाऱ्याचा बोगदा चालू आहे काय, एंजिनाची प्रयोगशाळा आहे काय, शिकविणारे स्वतः त्या विषयांत काम केलेले आहेत काय, हें पाहावें आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशीं मुलास एकट्यालाच बोलूं द्यावें. वडिलांसमक्ष त्यांच्या तोंडून खरें निघणार नाहीं.

आणि प्रवेशाच्या धांवपळीआधीं एक छोटी परीक्षा घरींच घ्यावी. सुटींत मुलास किंवा मुलीस जाड कागदाचें एक विमान करावयास सांगावें. त्याच्या नाकावर एक टांचणी लावावी, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळीं गच्चीवरून नव्हे तर लांब व्हरांड्यांतून, वारा नसतांना, एकाच उंचीवरून तें सोडावें आणि अंतर मोजून वहींत टिपावें. टांचणी नसली तर तें डोकें वर करून खालीं बसतें. फार झाल्या तर नाकावर आपटतें. मध्यें कोठेंतरी एक जागा अशी सांपडते, कीं तें शांतपणें तरंगत जातें. कांहीं मुलें चार वेळां फेंकून कंटाळतात, आणि त्यांत कांहीं वाईट नाहीं. त्यांच्यासाठीं दुसऱ्या विद्या आहेत. पण एखादें मूल जेवणाची हांक ऐकूनहि 'आणखी एकदांच' म्हणतें, वहींतले आंकडे नीट रेघा मारून लिहितें आणि दुसऱ्या दिवशीं आपण होऊन शेपटीचा आकार बदलून पाहतें. असें मूल आपल्या घरीं असेल, तर त्याच्या शिक्षणाचा विचार बाकीच्या मंडळींनीं गंभीरपणें करावा.